ठिकाण न लिहिलेल्या पुड्या

पिराजी ओव्हाळ उस्मानाबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा आणि रविवारी डोंगर हिंडायचा. दगडावर, झाडाच्या सालीवर जे करडं, पिवळं, खवल्यांसारखं वाढतं ते तो गोळा करी. पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात. त्याची आई चांगुणाबाई सरसकट दगडफूल म्हणायची, कारण त्यातलीच एक जात वाळवून काळ्या मसाल्यात घालतात. एवढ्या शिकलेल्या आपल्या पोराला मसाल्याचं सामान गोळा करायचा पगार मिळतो, असं ती तामलवाडीत सगळ्यांना सांगायची.

बाहत्तरच्या पावसाळ्यात पाऊस झालाच नाही. विहिरींच्या तळाला हिरवट पाणी उरलं, आणि डोंगरात हिंडणारा माणूस तहान लागली की मिळेल ते पितो. सप्टेंबरातल्या एका रविवारी तुळजापूरकडून परत येताना पिराजीला एसटीतच ताप भरला. कंडक्टरनं आणि एका प्रवाशानं त्याला स्टँडवर उतरवून टांग्यात घातलं. खांद्याची पिशवी बसमध्येच राहिली. दोन दिवसांत डोळे पिवळे झाले, मग पोट फुगलं, मग तो माणसं ओळखेना, आणि महिना संपायच्या आत गेला. तेव्हा पिशवीची आठवण कुणालाच नव्हती.

त्याची बायको मुक्ता उस्मानाबादच्याच एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. रजा संपल्यावर ती शाळेत जाऊ लागली. दुष्काळ म्हणून पोरांना सुकडी मिळायची, ती वाटायची, पाढे म्हणून घ्यायची, घरी यायची. लोक म्हणायचे, मुक्ताबाई खंबीर आहेत. तिला तसं काही वाटत नव्हतं. तिला फारसं काहीच वाटत नव्हतं. कुणी बोललं की शब्द ऐकू यायचे, पण ते आपल्यासाठी आहेत हे कळायला वेळ लागायचा. एकदा चहाचं पाणी ठेवून ती समोर उभी राहिली आणि सगळं पाणी आटून पातेलं करपेपर्यंत बघत राहिली. चांगुणाबाई आतून आली, तिनं स्टोव्ह बंद केला आणि म्हणाली, "टँकरचं पाणी हाये, मुक्ता."

"हो," मुक्ता म्हणाली.

चांगुणाबाई पोराच्या आजारपणात तामलवाडीहून आली होती, ती राहिलीच. नवरा तिचा केव्हाच गेला होता. गावाकडं एक खोली होती आणि कोरडं पडलेलं थोडं रान होतं. इथं ती दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायची. सून रडत नाही याकडं तिचं लक्ष होतं. बोलत मात्र नव्हती.

थंडी सरत आली तेव्हा एका संध्याकाळी सिद्रामप्पा आले. ते पिराजीच्या विभागाचे प्रमुख होते, निवृत्तीला आलेले, मवाळ बोलणारे. त्यांच्यामागं कॉलेजच्या शिपायानं एक पत्र्याची पेटी आणून दारात ठेवली.

"बाई, तुम्हाला तकलीफ द्यायची इच्छा नव्हती," ते म्हणाले. "पण सरांच्या ह्या पुड्यांचं काय करायचं ते एकदा ठरवावं लागंल."

त्यांनी पेटी उघडली. आत खाकी कागदाच्या घडी घातलेल्या पुड्या ओळीनं लावल्या होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं एक नंबर आणि तारीख. सिद्रामप्पांनी एक उलगडून दाखवली. आत काळ्या दगडाची एक कपची होती आणि तिच्यावर नाण्याएवढा शेवाळी-करडा डाग.

"हे पुण्याच्या संग्रहाला पाठवायचं होतं. त्यांना पाहिजे पण आहे. कोकणातलं शैवाक त्यांच्याकडं आहे, हिमालयातलं आहे. आपल्या ह्या कोरड्या बालाघाटात येऊन कुणी गोळाच केलेलं नाही. पण त्यांना ठिकाण लागतं. कुठलं गाव, डोंगराची कुठली बाजू, दगडावरचं का झाडावरचं. ते सगळं सर वहीत लिहायचे, आणि वही..."

"पिशवीत होती," मुक्ता म्हणाली.

"डेपोत जाऊन विचारलं मी. नाही मिळाली."

"ठिकाण नसलं तर काय होतं?"

"तर मग ते नुसतं वाळलेलं दगडफूल," सिद्रामप्पा म्हणाले आणि लगेच ओशाळले. "म्हणजे संग्रहात घेता येत नाही. टाकून द्यावं लागतं. आमची ती खोली सुकडीच्या पोत्यांसाठी मागितलीय, म्हणून म्हटलं टाकायच्या आधी तुम्हाला एकदा विचारावं. घरी काही बोलले असतील, कुठं जातो वगैरे."

मुक्तानं पेटीकडं पाहिलं. पिराजी गेल्यापासून जो येई तो तिला सांगे की आता काही करू नका, आराम करा. हा पहिला माणूस काम घेऊन आला होता.

"पेटी राहू द्या इथं," ती म्हणाली. "मी बघते."

रात्रीची जेवणं उरकल्यावर ती पुड्या जमिनीवर मांडून बसली. तारखा सगळ्या रविवारच्या होत्या किंवा सुट्टीच्या. पिराजी डोंगराबद्दल पुष्कळ बोलायचा, पण तिनं ते कधी नीट ऐकलं नव्हतं. तो दोन-तीनदा चल म्हणाला होता, तेव्हा ती कपडे धुवायचेत म्हणाली होती. मात्र तो परत आल्यावर घरात काय झालं ते तिला आठवत होतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यानं येडशीहून कच्ची सीताफळं आणली होती आणि ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली होती. एकदा तेरखेड्याहून शेजारच्या पोरांसाठी भुईनळे आणले होते. एकदा तिचा भाऊ यायचा होता तरी हा तुळजापूरच्या घाटात निघून गेला, आणि मंगळवारपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तिनं एकेक तारीख घेतली आणि पुडीवर बारीक अक्षरात लिहीत गेली. येडशी. तेरखेडा. तुळजापूरचा घाट. आईकडं गेला असेल त्या तारखांना तामलवाडी. ज्या तारखांचं काहीच आठवेना त्या पुड्या बाजूला ठेवल्या.

हे करताना दुखेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वर्गाची हजेरी लिहावी तसं तिनं ते लिहिलं.

चांगुणाबाई भिंतीशी बसून बघत होती. "काय करायलीस?"

"हे कुठून आणलं ते लिहायलेय."

"कशाला?"

"पुण्याला पाठवायचंय. तिथं कपाटात ठेवतात."

"किती दिवस?"

"कायमचं ठेवतात म्हणे."

चांगुणाबाईनं एक पुडी उचलून बघितली. मग म्हणाली, "मग कवा निघायचं?"

"कुठं?"

"डोंगराला. नुसत्या गावाच्या नावानं भागतंय व्हय? आत्ताच तो मास्तर म्हणला, बाजू लागती म्हणून. म्या ऐकलंय आतून."

मुक्तानं डोंगरात जायचं ठरवलं नव्हतं. पण सासू उठून पिशवी शोधायला लागली, तेव्हा तिला नाही म्हणायचं काही कारणही सुचलं नाही.

जायच्या आधी तिनं सिद्रामप्पांना कॉलेजात गाठलं. ते म्हणाले, दगडावरचं असेल तर छिन्नीनं कपची काढलेली खूण राहते. शैवाक इतकं हळू वाढतं की ती खूण भरून यायला आपला जन्म पुरणार नाही. खूण सापडली आणि कपची तिथं बसली, तर मग शंकाच नको.

पहिल्यांदा दोघी येडशीला गेल्या. एसटीत पाटी-फावडं घेऊन दुष्काळी कामावर निघालेली माणसं खच्चून भरली होती. येडशीत उतरून त्या रामलिंगाच्या दरीकडं चालत निघाल्या. ओढा कोरडा होता, त्यातले गोटे पांढरे पडले होते. सागाला पान नव्हतं. देवळाजवळ माकडं बसली होती, ती माणूस बघून हलली पण नाहीत.

"छप्पन सालच्या दीक्षेच्या आदी आमी जत्रंला येत हुताव हितं," चांगुणाबाई म्हणाली. "पायरीपतोर."

"आणि आता?"

"आता काय करायचंय," ती म्हणाली आणि देवळाकडं न बघता डोंगराच्या वाटेला लागली.

सकाळभर त्या दगड बघत हिंडल्या. शोधायला लागल्यावर मुक्ताच्या लक्षात आलं की एकही दगड नुसता काळा नाही. कुठं राखेसारखा थर होता, कुठं हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखं, कुठं काजळीचे ठिपके. इतकी वर्षं नवरा हे बघायला येत होता. तिला त्याचं कौतुक वाटलं नाही की वाईट वाटलं नाही, फक्त इतकं सगळं आहे एवढं कळलं.

ऊन वर आल्यावर एका पुढं आलेल्या कड्याच्या सावलीत तिला ती खूण दिसली. करड्या थरात बोटभर चौकोन उघडा पडला होता आणि आतला दगड ताजा, निळसर दिसत होता. कडेला छिन्नीच्या रेघा होत्या. तिनं येडशीच्या पुड्या काढल्या आणि एकेक कपची लावून पाहिली. पहिली मोठी होती. दुसरीचा रंग वेगळा होता. तिसरी ठेवली आणि ती आत बसली, थराची कड थराला मिळाली.

"बसलं," ती म्हणाली.

चांगुणाबाई धापा टाकत वर आली. तिनं दगडावरून हात फिरवला. "हितं बसला असंल का त्यो?"

"उभं राहून काढलंय. उंची बघा ना."

"न्हाय. ह्या धोंड्यावर बसला असंल. उभ्यानं काम करायचं त्याच्या जिवावर यायचं."

मुक्तानं पुडीवर लिहिलं, रामलिंगाची दरी, उत्तरेची बाजू, काळा दगड, सावलीत. मग कपची काढून परत पुडीत घातली.

"राहू दे की एक तितं," चांगुणाबाई म्हणाली.

"नाही, आत्याबाई. पुण्याला पाठवायचंय."

चांगुणाबाई तिची वाट न बघता डोंगर उतरायला लागली. बसमध्ये जागा मिळाली, गाडी सुटली, तेव्हा खिडकीकडं तोंड करून ती म्हणाली, "तू रडली न्हाईस."

"नाही."

"लोक इचारतेत मला."

"मग तुम्ही काय सांगता?"

"घरात रडती म्हणून सांगते."

"बरं," मुक्ता म्हणाली.

त्यानंतर त्या रविवारी जातच राहिल्या. आणखी दोनदा येडशीला, मग तुळजापूरच्या घाटात, मग तेरखेड्याच्या पुढच्या माळावर. फिरकीच्या तांब्यात पाणी घ्यायच्या, फडक्यात भाकरी आणि तिखट. काही खुणा सापडल्या, पुष्कळ सापडल्या नाहीत. झाडावरच्या पुड्यांचं काही खरं नव्हतं, कारण दुष्काळात सरपणासाठी फांद्या गेल्या होत्या आणि काही ठिकाणी झाडच नव्हतं. मुक्ता सापडलं की लिहायची, नाही सापडलं की पुढं चालायची. पाय भाजायचे. घरी येऊन ती आडवी पडायची आणि सकाळपर्यंत जाग यायची नाही. आधी तिला अशी झोप लागत नव्हती. पण तेही तिच्या लक्षात आलं नाही, ते चांगुणाबाईनं पाहिलं.

सगळ्यात जास्त पुड्या तामलवाडीच्या होत्या. आईला भेटायला गेला की पिराजी तासाभरात गावामागच्या डोंगरावर पसार व्हायचा. तिथं दोघी शेवटी गेल्या, कारण चांगुणाबाईच आज नको, पुढच्या रविवारी असं म्हणत राहिली होती. एप्रिल उजाडला होता. गावच्या फाट्यावर उतरून त्या आडवाटेनं निघाल्या आणि डोंगर दिसायच्या आधीच हातोड्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

डोंगराची अलीकडची बाजू कापली होती. जिथं काळे दगड एकावर एक बसलेले असायचे तिथं आता उभी, ताजी, मुरमाड भिंत होती. खाली माणसांच्या रांगा होत्या. पुरुष सुरुंगानं सुटलेले धोंडे पहारीनं हलवत होते, बायका मांडी घालून खडी फोडत होत्या. खडीचे ढीग आखून लावले होते आणि त्यांच्या पलीकडून नवा रस्ता निघून सपाटीवर गेला होता.

मुकादम बिराप्पा छत्री घेऊन उभा होता. त्यानं दोघींकडं पाहिलं. "कामाला आलाव का? हजेरी सकाळीच घेतली जाती, मावशी. उद्या या."

"कामाला नाही," मुक्ता म्हणाली. ती थांबली, कारण पुढं काय सांगायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. "इथले वरचे दगड होते ना, ते बघायचे होते."

"वरचे? ते कवाच गेले की, बाई. संक्रांतीच्या आसपास पहिला थर काढला. त्याच्याबिगर काम सुरू कसं हुणार?"

"कुठं गेले?"

बिराप्पानं रस्त्याकडं हात केला. तो वाकडं बोलत नव्हता. दुष्काळात लोक कशाकशासाठी येतात हे बघून त्याला कशाचंच नवल वाटेनासं झालं असावं. "तिकडं पसरलीया खडी. थोडे ढीग राहिलेत मागचे. काय हरवलंय का तुमचं?"

मुक्ता मागच्या ढिगांकडं गेली. खडी मुठीएवढी होती. मधेच एखाद्या दगडाला एका अंगानं पिवळा किंवा करडा थर चिकटलेला दिसायचा. ती खाली बसली, तिनं तामलवाडीच्या पुड्या उघडल्या आणि एक कपची घेऊन त्या दगडांना लावून पाहू लागली. एक दगड, दुसरा, तिसरा. खडी फोडणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. बिराप्पा छत्री घेऊन जवळ येऊन उभा राहिला, त्याची सावली तिच्यावर पडली.

"असं कसं सापडंल, बाई," तो हळूच म्हणाला.

"नाही सापडणार," ती म्हणाली. तरी आणखी थोडा वेळ लावून पाहत राहिली. मग पुड्या बांधल्या.

दुपारच्या सुट्टीची शिट्टी झाली. दोघी एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसल्या. चांगुणाबाईनं फडकं सोडलं, भाकरी मोडून सुनेच्या हातावर ठेवली. मुक्तानं ती तशीच धरली.

"गावाचं नाव लिहायला किती वेळ लागतो?" ती म्हणाली.

आवाज मोठा निघाला. पलीकडच्या बायकांनी वळून पाहिलं.

"नंबर लिहिला. तारीख लिहिली. त्याच्यापुढं एक तामलवाडी लिहायला काय झालं होतं? वहीत आहे म्हणे. वही पिशवीत. पिशवी बसमध्ये. आणि आता मी दगड जुळवत बसायचं."

चांगुणाबाईनं घास थांबवला. तिनं सुनेला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग ती म्हणाली, "शाळंत असताना बी तसाच हुता. पाटीवर गणित बरूबर करायचा आन नाव लिवायचा न्हाय. मास्तर समद्या पाट्या घिऊन इचारायचा, ही कुणाची? ह्यो गप. शेजारच्या पोरानं हात वर केला की मार्क त्याला."

"डब्यावर नाव घाला म्हणून सांगितलं तर घातलं नाही. दोनदा डबा बदलला. एकदा दुसऱ्याच कुणाचा रिकामा डबा घेऊन आले."

"आन तुला काय म्हणला?"

"म्हणाले, आपला पण असाच होता ना?"

चांगुणाबाई हसली. आवाज न करता, खांदे हलवून हसली. "त्याचा बाप बी असाच."

"भाजीत मीठ नसलं तरी सांगायचे नाहीत. जेवून उठायचे. मी बसले की मला कळायचं." मुक्ता थांबत नव्हती. "चप्पल तुटली तर खिळा मारायचे, तो खिळा पायात घुसायचा, मग लंगडत रामलिंगाला. नवी घ्या म्हटलं तर पुढच्या महिन्यात. पाणी उकळून न्या म्हणून मी सांगत होते. भरून द्यायची मी, तर अर्ध्या वाटेत संपवायचे आणि मग कुठलं तरी प्यायचे. किती वेळा सांगितलं मी त्यांना."

हे वाक्य ती आधी कुणाजवळ बोलली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं होतं तेव्हाही नाही.

"म्या बी सांगिटलं हुतं," चांगुणाबाई म्हणाली.

मुक्तानं फिरकीचा तांब्या उचलला, पाणी प्याली, आणि झाकण लावायला गेली तर ते लागेना. आटे जुळत नव्हते. चांगुणाबाईनं तांब्या काढून घेतला, झाकण फिरवून घट्ट केलं आणि सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. मुक्ता रडली नाही. पण भाकरी तिनं खाल्ली, सगळी.

शिट्टी झाली तशी चांगुणाबाई उठून बिराप्पाकडं गेली. "माझं नाव घ्या हजेरीत. उद्यापासनं येते."

"तुमी गावातल्याच का?"

"तामलवाडीची. चांगुणा ओव्हाळ."

मुक्ता मागून आली होती. "आत्याबाई, ह्या वयात?"

"घरात बसून बसून हात मेलेत माझे," चांगुणाबाई म्हणाली. "हातोडी उचलाया येती का बघू दे."

"पण ह्याच डोंगरावर?"

चांगुणाबाईनं कापलेल्या भिंतीकडं वर पाहिलं. "दुसरा कुठला हाये गावाला? तू न फोडला, म्या न फोडला, तरी फुटायचाच हाये त्यो."

त्या दिवशी मुक्ता एकटीच उस्मानाबादला परतली.

पुढचे काही दिवस शाळा सुटली की ती कॉलेजात जायची. सिद्रामप्पांनी जाडसर कागदाची लेबलं कापून ठेवली होती. ते शैवाकाचं नाव भिंगाखाली बघून सांगायचे, कळेल तेवढं. बाकीचं ती लिहायची. गाव, बाजू, दगड, तारीख, आणि शेवटच्या ओळीत गोळा करणाऱ्याचं नाव. पि. दौ. ओव्हाळ. पहिल्या दिवशी ते नाव लिहिताना ती प्रत्येक वेळी जरा थांबायची. दुसऱ्या दिवशी थांबली नाही. अक्षर सुबक येत होतं.

तामलवाडीच्या पुड्या आल्या तेव्हा सिद्रामप्पा म्हणाले, "नुसतं गावामागचा डोंगर लिहा. बाजू माहीत नाही असं लिहिलं तरी घेतात."

"तो दगड आता नाही, हे कुठं लिहायचं?"

"तसं लिहीत नाहीत."

"का?"

सिद्रामप्पांनी चष्मा काढून पुसला. "नमुना कुठं मिळाला तेवढं लेबल सांगतं. नंतर तिथं काय झालं ते लेबलाचं काम नाही."

"मग कुणाचं?"

खिडकीबाहेर सुकडीची पोती उतरवून घ्यायचं काम चाललं होतं. "लिहा," ते शेवटी म्हणाले. "पुण्याच्यांना चालणार नसलं तर ते खोडतील."

तिनं सगळ्या तामलवाडीच्या लेबलांवर खाली एक ओळ घातली. *हा दगड आता नाही. रस्त्याच्या कामात फुटला.* उरलेल्या पुड्या, ज्यांचं गावसुद्धा आठवलं नव्हतं, त्या तिनं एके दिवशी कॉलेजच्या मागच्या कुंपणाशी नेऊन रिकाम्या केल्या. सिद्रामप्पा शिपायाला सांगतो म्हणाले होते, पण तिनंच केलं. कपच्या मातीत पडल्या की इतर खड्यांसारख्याच दिसत होत्या. कागद चांगले होते, ते तिनं घडी करून ठेवले.

पेटी पुण्याला गेली. महिन्याभरानं मिळाल्याचा कागद आला, प्रत्येक पुडीला तिथला नवा नंबर पडला होता. त्या खालच्या ओळीचं पुण्याच्यांनी काय केलं ते त्या कागदात नव्हतं, आणि मुक्तानंही ते विचारलं नाही. सिद्रामप्पांनी आमच्याकडं कॉलेजात संग्रह सांभाळायला माणूस लागणार आहे, तुम्ही अर्ज करा म्हणून सुचवलं. तिनं विचार केला आणि नाही सांगितलं. त्या खोलीत बसायला तिची हरकत नव्हती, पण तिला पोरांना शिकवायची सवय होती आणि एवढी एक सवय तिला मोडायची नव्हती.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. दुष्काळी कामं आटोपली. चांगुणाबाई गावातच राहिली, उस्मानाबादला यायचं नाव काढेना. मुक्ता शनिवारी शाळा सुटली की तिकडं जायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. दोघी भाकरी करता करता पिराजीच्या तक्रारी करायच्या. शेजारची कस्तुराबाई एकदा म्हणाली, गेलेल्या माणसाला असं बोलू नये. चांगुणाबाई म्हणाली, "मग कसं बोलावं? गेला म्हणून का शाणा झाला?"

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मुक्तानं बदलीचा अर्ज दिला. तामलवाडीची शाळा कुणी मागत नव्हतं, त्यामुळं लगेच मिळाली. त्याच सुमारास गावात दूध संस्था निघाली होती. संस्थेमार्फत काही बायकांना म्हशी मिळाल्या, त्यात चांगुणाबाईलाही एक मिळाली.

मुक्ता सामान घेऊन फाट्यावर उतरली तेव्हा दिवस कलला होता. घरी पोचली तर चांगुणाबाई दारात उभी होती, बादली हातात, घाईत.

"एवढं सामान?"

"बदली करून घेतली, आत्याबाई. आता इथंच."

चांगुणाबाईनं ट्रंकेकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. "बरं केलंस," ती म्हणाली. "पर येळेवर यायचं का न्हाय? संस्थेची गाडी आता येईल आन माझी धार निघाली न्हाय अजून. ती पेंड भिजीव आदी. लई पाणी घालू नगं, पातळ खात न्हाय ती."

मुक्तानं ट्रंक भिंतीशी सरकवली, पदर खोचला आणि पेंड भिजवून घमेलं म्हशीपुढं नेलं. म्हशीनं मान वर करून तिला हुंगलं आणि एक पाऊल मागं सरकली.

"नवी हाये," गोठ्याच्या अंधारातून चांगुणाबाई म्हणाली. "माणसाला बिचकती. तू हुबी राहा तशीच. हालू नगं."

मुक्ता तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं म्हशीनं घमेल्यात तोंड घातलं, आणि मागं बादलीत धारेचा आवाज सुरू झाला.